छोट्या पेट्रोल पिकअपचा वाफेचा दोष: स्कॅनर, पंप, पर्ज व्हॉल्व्ह… कशावर पैसे घालावेत?

पर्ज व्हॉल्व्ह म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप. तिच्याइतका विनाकारण बदलला जाणारा पार्ट छोट्या पेट्रोल गाडीत दुसरा नसेल. मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, कुणीतरी मोबाईलला स्कॅनर जोडून ‘पी०४४३’ हा दोषाचा कोड वाचतो, कोडच्या नावातच ‘पर्ज’ दिसतं आणि दुकानातून नवा व्हॉल्व्ह येतो. चार दिवसांनी दिवा परत. कोड सर्किटचा होता. व्हॉल्व्ह हा त्या सर्किटचा एक तुकडा, बाकी सगळी वायर तशीच राहिली.

म्हणून हा रिव्ह्यू एका वस्तूचा नाही, या दुरुस्तीसाठी लोक जे जे विकत घेतात त्या सगळ्याचा आहे: मल्टीमीटर, ब्लूटूथ स्कॅनर, हाताचा व्हॅक्यूम पंप, पर्ज व्हॉल्व्ह, कॅनिस्टर (वाफ साठवणारा कोळशाचा डबा), नळ्या आणि गळती शोधायचं धुराचं जुगाड. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात भाजी, दूध, किराणा वाहणाऱ्या टाटा एस गोल्ड पेट्रोल आणि मारुती सुपर कॅरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. डिझेल बोलेरो पिकअपवाल्यांनी इथंच थांबावं. डिझेलची वाफ इतकी कमी होते की त्या गाडीला हा डबाही नसतो आणि हा व्हॉल्व्हही नसतो. सुपर कॅरीच्या सीएनजी मॉडेलला मात्र हे सगळं लागू आहे, कारण तिच्यातही पाच लिटरची पेट्रोलची टाकी असतेच.

आधी रचना, थोडक्यात. टाकीतली पेट्रोलची वाफ एका नळीनं कॅनिस्टरमध्ये जाते. त्या डब्यात सक्रिय कोळशाचे दाणे असतात, ते वाफ धरून ठेवतात. इंजिन तापलं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पर्ज व्हॉल्व्हची उघडझाप सुरू करतो आणि इनटेक मॅनिफोल्डच्या ओढीनं ती वाफ इंजिनात जाऊन जळते. डब्याचं तिसरं तोंड बाहेरच्या हवेला उघडं असतं. वाफ ओढली जाते तेव्हा तिथून ताजी हवा आत येते. पर्ज व्हॉल्व्ह ही दोन वायरींची विजेची झडप. चावी ऑन असताना एका वायरीत बॅटरीचा १२ व्होल्ट कायम, दुसरी ईसीयू जमिनीला जोडतो-तोडतो. वीज नसताना झडप बंद असते, हे लक्षात ठेवा. पुढची अर्धी तपासणी यावरच चालते.

व्हिडिओ कुठल्या देशाचा आहे, ते बघा

यूट्यूबवर या विषयाचे बहुतेक चांगले व्हिडिओ अमेरिकेतले, फोर्ड एफ-१५० नाहीतर शेव्हरोले सिल्व्हरॅडोवरचे. तिथल्या नियमानुसार गाडीला ०.०२ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं भोकसुद्धा स्वतःहून पकडावं लागतं. त्यासाठी टाकीत दाबाचा सेन्सर असतो आणि डब्याच्या हवेच्या तोंडावर वेगळा व्हेंट व्हॉल्व्ह असतो. म्हणून तिकडं पी०४४२, पी०४५५, पी०४५६ हे गळतीचे कोड येतात आणि ‘आधी टाकीचं झाकण बदला’ हा सल्ला बरोबर ठरतो.

आपल्याकडची ओबीडी, म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष ओळखायची यंत्रणा, युरोपच्या धर्तीची. तिथं किमान अट एवढीच, की पर्ज व्हॉल्व्हचं सर्किट सलग आहे का ते गाडीनं पाहावं. इथल्या छोट्या पिकअपला बहुधा टाकीचा दाब-सेन्सर नसतोच. झाकण सैल राहिलं तर पेट्रोलचा वास येईल, दिवा लागणार नाही. म्हणजे दिवा घालवण्यासाठी नवं झाकण घेणं हा या गाड्यांवर फुकटचा खर्च. झाकणाची रबरी रिंग चिरलेली असेल तर वासासाठी जरूर बदला, तो भाग वेगळा.

इथं दिसणारे कोड असे: पी०४४३ सर्किटमध्ये दोष, पी०४४४ सर्किट तुटलेलं, पी०४४५ शॉर्ट, पी०४५८ व्होल्टेज कमी, पी०४५९ व्होल्टेज जास्त. हे पाचही विजेचे आहेत. पी०४४१ वेगळा, तो वाफेच्या प्रवाहाचा. तो आला तरच नळी, डबा आणि झडपेची यांत्रिक बाजू यांच्याकडं आधी वळायचं.

ब्लूटूथ स्कॅनर: घ्या, पण डोळे उघडे ठेवून

ऑनलाइन पाचशे-सातशे रुपयांना मिळणारे बहुतेक सगळे ‘ईएलएम ३२७’ (हे मूळ स्कॅनर चिपचं नाव) नकली चिपचे असतात. कोड वाचायला आणि पुसायला तेवढं पुरतं. खोक्यावर ‘व्हर्जन २.१’ असेल तर हुरळून जाऊ नका, नकली २.१ मध्ये बरेचदा मूळ आज्ञांपैकी कित्येक काढून टाकलेल्या असतात आणि काही गाड्यांशी जोडणीच होत नाही. ‘१.५’ लिहिलेले त्या मानानं बरे चालतात. गंमत म्हणजे मूळ कंपनीनं १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथचा घेऊ नका, वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईचा घ्या.

अ‍ॅपमध्ये कोडच्या पलीकडं दोन आकडे कामाचे. पहिला ‘कमांडेड इव्हॅप पर्ज’, म्हणजे ईसीयू पर्ज व्हॉल्व्ह किती उघडायला सांगतोय ते, टक्क्यांत. इंजिन थंड असताना तो ० असतो. तापल्यावर, थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला की वर जातो. आकडा २०-३० टक्के दिसतोय आणि व्हॉल्व्हवर बोट ठेवलं तर टकटक जाणवते, म्हणजे वायर आणि कॉइल दोन्ही ठीक. आकडा आहे पण टकटक नाही, तर वायर किंवा कॉइल. आकडाच येत नाही, तर इंजिन अजून तापलेलं नाही किंवा तुमच्या गाडीचा ईसीयू हा आकडा देत नाही. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

दुसरा आकडा फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते. इंजिन गरम, आयडलवर, पर्जची आज्ञा ० टक्के. आता डबा आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली नळी चिमट्यानं (दातऱ्यांवर कापड गुंडाळून) दाबून धरा. शॉर्ट ट्रिम (त्यातला लगेच बदलणारा आकडा) किंवा आयडल बदललं, तर व्हॉल्व्ह बंद असतानाही आतून गळतोय. डबा वाफेनं भरलेला असेल तर ट्रिम उण्यात गेलेली असते, रिकामा असेल तर अधिकात. दिशेपेक्षा बदल महत्त्वाचा. या एका चाचणीसाठी स्कॅनरचे पैसे वसूल.

व्हॉल्व्ह मोबाईलवरून उघडझाप करून बघता येईल अशी जाहिरात असते. ते काम गाडीच्या कंपनीच्या प्रोटोकॉलचं आहे, या किमतीच्या डबीकडून ती अपेक्षा ठेवू नका.

मल्टीमीटर: पहिली खरेदी हीच

तीनशे रुपयांचा साधा डिजिटल चालतो. दोन्ही गाड्यांचं इंजिन सीटखाली, म्हणून सीट उचलूनच कामाला सुरुवात. इनटेक मॅनिफोल्डला जाणारी बारीक नळी धरून मागं गेलात की दोन पिनांचा व्हॉल्व्ह सापडतो.

कनेक्टर काढा आणि व्हॉल्व्हच्या दोन पिनांमधला रोध मोजा. साधारण २० ते ३५ ओहमच्या मधे यायला हवा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला धरा. स्वस्त मीटरच्या वायरींचा स्वतःचा अर्धा-एक ओहम असतो, तो वजा करा. मीटर ‘१’ किंवा ‘ओएल’ दाखवत असेल तर कॉइल तुटली. दहाच्या खाली असेल तर आत शॉर्ट आहे, आणि असा व्हॉल्व्ह लावून गाडी फिरवत राहिलात तर ईसीयूमधला व्हॉल्व्ह चालवणारा भाग जळण्याची भीती. थंड असताना २६ ओहम आणि गरम झाल्यावर तुटलेला, असेही नग निघतात. म्हणून इंजिन तापल्यावर लगेच पुन्हा मोजा.

मग चावी ऑन, इंजिन बंद, आणि गाडीकडच्या कनेक्टरच्या एका पिनवर बॅटरीइतका व्होल्ट यायला पाहिजे. नाही आला तर फ्यूज आणि मेन रिले. इथं एक खूण उपयोगी पडते: पी०४४३ किंवा पी०४५८ सोबत ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा कोडही (पी००३- या घराण्यातला, उदाहरणार्थ पी००३१) आला असेल तर दोघांना वीज देणारा फ्यूज किंवा रिले सामाईक असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी व्हॉल्व्हला हातसुद्धा लावायची गरज नाही.

दुसऱ्या पिनवर, म्हणजे ईसीयूच्या बाजूला, कधी थोडा व्होल्ट दिसतो. तो ईसीयूनं तपासणीसाठी सोडलेला असतो, दोष नव्हे. तिथं बल्बचा टेस्टर लावू नका. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतं. एलईडीचा टेस्टर लावा, दोन्ही पिनांच्या मध्ये. इंजिन गरम करून थोडं रेस केलं की तो लुकलुकायला हवा. आणि त्या पिनला थेट १२ व्होल्ट देण्याचा मोह तर कधीच नको.

पिनांत शिवणाची सुई खुपसून मोजायची सवय सोडा. पिन सैल होते आणि आज नसलेला दोष पुढच्या महिन्यात तयार होतो.

आपल्या भागात वायर का जाते

तीन कारणं. ऊसतोड झाली की शेतातले उंदीर गोठ्याकडं, शेडकडं वळतात, आणि रात्रभर उबदार राहणारी सीटखालची जागा त्यांना सोयीची. चिकोडी, रायबाग, अथणीच्या बाजूला हंगामात गाडी शेडमध्ये लावणाऱ्यांनी वायर आधी बघावी. दुसरं, खानापूर-जांबोटीकडचा पाऊस. कनेक्टरची रबरी सील एकदा निघाली की लाल चिखल आणि पाणी आत जातं, पिनांवर हिरवा थर चढतो. तिसरं कारण माणसांनीच केलेलं: वॉशिंग सेंटरवर सीट उचलून प्रेशरनं इंजिन धुणं.

दुरुस्ती: बॅटरीची निगेटिव्ह काढा. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुवा. वायर कुरतडलेली असेल तर सडलेला भाग पूर्ण कापा. काळं पडलेलं तांबं संपून चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागं जा. अर्धा चौरस मिलिमीटरची ऑटो वायर जोडा, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. साधी काळी टेप इंजिनाच्या उष्णतेनं सुटते, गोंद पाझरतो आणि धूळ धरतो. जोड कनेक्टरच्या अगदी तोंडाशी ठेवू नका. थरथरीनं तिथंच परत तुटतं. या सगळ्याचा खर्च शंभराच्या आतबाहेर.

हाताचा व्हॅक्यूम पंप: या यादीतली सगळ्यात चांगली वस्तू

पिस्तुलासारखा हातात धरायचा, घड्याळ लावलेला पंप. ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळतो, गॅरेजवाल्यांकडंही असतो. मल्टीमीटर व्हॉल्व्हची वीज सांगतो, तो बंद झाल्यावर नीट बसतो की नाही हे हा पंप सांगतो. तोंडानं फुंकून बघणं हा जुना प्रकार आहे, पण बारीक गळती फुंकून कळत नाही, आणि पेट्रोलची वाफ तोंडात जाते ते वेगळंच.

स्वस्त पंपात घड्याळाच्या जोडावर गळती असते. म्हणून घेतल्यावर आधी पंपाची परीक्षा: नळीवर अंगठा, २० इंचांपर्यंत (हे पाऱ्याचे इंच) ओढ, एक मिनिट काटा जागेवर. नाही राहिला तर परत पाठवा. घड्याळावर ३० इंचांपर्यंत खुणा असतात, पण काटा तिथं जात नाही म्हणून पंप खोटा समजू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथं हवेचाच दाब २७ इंचांच्या जवळपास, त्यापुढं कुठलाही पंप जाणार नाही.

व्हॉल्व्ह काढा, इंजिनाकडच्या नळकांडीला पंप लावा, १५ इंच ओढा. वीज नसताना काटा थांबायला हवा. मग बॅटरीवरून १२ व्होल्ट द्या. टक् असा आवाज आणि काटा झटकन शून्यावर. हे दहा वेळा करा. आठव्या-नवव्या वेळेला न बसणारे व्हॉल्व्ह असतात, कारण झडप जिथं टेकते त्या आतल्या सीटवर कोळशाचा कण फिरत असतो. शेवटी व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर आपटून बघा. काळी पूड पडली तर नुसता व्हॉल्व्ह बदलून भागणार नाही.

पर्ज व्हॉल्व्ह: घ्यायचाच असेल तर

बाजारात तीन प्रकार. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, मूळ पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यातला, आणि बिननावाच्या प्लास्टिक पिशवीतला. दुसरा प्रकार बहुतेकांसाठी योग्य. जुन्या व्हॉल्व्हवर ज्याचं नाव आणि नंबर कोरलेला आहे, तोच नंबर मागा. चासी नंबर सोबत न्या, कारण एकाच मॉडेलमध्ये साल बदललं की कनेक्टरची खाच बदलते.

बिननावाचे कॉइलच्या बाबतीत सहसा पास होतात. नापास होतात ते सीटवर: नवा असूनही १५ इंच धरत नाहीत. गाडीला लावले की कोड येत नाही, कारण सर्किट ठीक आहे. पण आयडल वरखाली होतं, पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर स्टार्ट होत नाही. मालकाला वाटतं पंपावरचं पेट्रोलच वाईट. नळकांडीची जाडीही अर्ध्या मिलिमीटरनं कमी असते, मग क्लिप कितीही आवळली तरी नळी फिरते.

विजेचा पार्ट एकदा नेला की दुकानदार परत घेत नाही, त्याचंही बरोबर आहे. म्हणून पैसे देण्याआधी काउंटरवरच मीटर लावा आणि पंप लावा. २०-३५ ओहम, १५ इंच, एक मिनिट. काही दुकानदार कपाळाला आठ्या घालतात, पण नग बदलूनही देतात.

बसवताना व्हॉल्व्हवरचा बाण इंजिनाकडं. उलटा लावला तर मॅनिफोल्डची ओढ झडपेला सीटवरून उचलते आणि नवा व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून गळतो.

कॅनिस्टर: धुता येत नाही, भरता येत नाही

डबा खराब होण्याचं इथलं पहिलं कारण पेट्रोल पंपावरचं. सीमेवर जिकडं दर कमी, तिकडं टाकी गळ्यापर्यंत भरून घ्यायची पद्धत आहे. नोझल एकदा आपोआप थांबलं की टाकीत वाफेसाठी ठेवलेली जागाच उरलेली असते. त्यानंतर ‘अजून पन्नासचं बसतंय का बघा’ म्हटलं की पातळ पेट्रोल नळीतून डब्यात उतरतं. कोळसा भिजतो, दाणे फुटतात, पूड व्हॉल्व्हकडं जाते. मग वर घाटात चढताना इंजिन अडखळतं, आणि टाकीतलं पेट्रोल कमी झालं की सगळं पुन्हा ठीक, त्यामुळं दोष सापडत नाही.

काढलेला डबा हलवून बघा. आत पाण्यासारखा आवाज आला, हातात जड लागला किंवा हवेच्या तोंडाशी पेट्रोल थेंबानं दिसलं, तर तो गेला. कंप्रेसरनं हवा मारल्यास आतली जाळी फाटते आणि उरलेले दाणेही सुटतात. माशांच्या टाकीचा कोळसा भरून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. तो कोळसा पाण्यासाठी असतो, आणि मूळ डब्यात दाणे स्प्रिंगनं दाबून बसवलेले असतात, ते परत तसे बसत नाहीत. कागदावर काळी पूड दिसली असेल तर व्हॉल्व्ह आणि डबा दोन्ही एकदम बदला, मधली नळीही हवेनं साफ करा. नुसता व्हॉल्व्ह घातला तर नवाही थोड्या दिवसांत अडकतो.

डबा फेकण्याआधी हवेचं तोंड मात्र तपासा. मातीचं घर करणाऱ्या माश्या तिथं हमखास घर बांधतात, आणि उसाच्या रस्त्यांची धूळ फिल्टरवर बसते. तोंड बंद झालं की टाकीत ओढ तयार होते: झाकण उघडताना हवा जोरात आत जाते, फ्युएल पंपाचा आवाज वाढतो. बारीक तारेनं माती बाहेरच्या बाजूला काढायची, आत ढकलायची नाही. याला एक पैसा लागत नाही.

गळती शोधायला गवंड्याची लेव्हल नळी

वास येतोय पण कोड नाही, अशा वेळी लोक धुराचं यंत्र शोधतात. गॅरेजमधली खरी यंत्रं नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडनं, अर्ध्या पीएसआयच्या आसपास दाबानं काम करतात. ऑनलाइन दिसतं ते जुगाड म्हणजे डब्यात तेल, आत ग्लो प्लग आणि मागून कंप्रेसरची हवा. इनटेकची गळती शोधायला ते ठीक असेल. पेट्रोलच्या टाकीला ते जोडणं म्हणजे तापलेली तार, हवा आणि पेट्रोलची वाफ एकत्र आणणं. हे घेऊ नका, करू नका.

त्याऐवजी बांधकामाच्या दुकानातली पारदर्शक लेव्हल नळी, दोन-अडीच मीटर. एका फळीवर ‘यू’ आकारात बांधा, दोन्ही बाजू किमान ५० सेंटिमीटर उंच, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी. सकाळच्या थंड वेळी, मोकळ्या जागेत, बॅटरीची निगेटिव्ह काढून, टाकी पाव ते अर्धी असताना हे करायचं. ऊन चढलं की टाकीतली वाफ स्वतःच दाब वाढवते आणि आकडे फसवतात. बिडी-सिगारेट आणि देवापुढची समईसुद्धा लांब.

डब्याच्या हवेच्या तोंडाला रबरी बूच. व्हॉल्व्हकडून काढलेल्या नळीला टी-जोड: एका बाजूला ‘यू’ नळी, दुसऱ्या बाजूला हातपंपाची दाबाची बाजू (दाब-ओढ दोन्ही करणारा पंप असेल तर). हळूहळू हवा भरा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक ३५ सेंटिमीटर झाला की थांबा. नुसती एका बाजूची चढ मोजू नका, ती निम्मीच असते. दोन मिनिटांनी फरक २० च्या वर असेल तर गळती नाही. अमेरिकेतल्या जुन्या गाडी-तपासणीतही साधारण हाच निकष होता, पाण्याच्या १४ इंचांवरून ८ इंच. खाली गेला तर जोडांवर, झाकणाच्या कडेला, टाकीवरच्या पंपाच्या रिंगला साबणाचं पाणी लावा. जास्त दाब झालाच तर पाणी वरून उडून जातं, टाकीला काही होत नाही. सुरक्षेची झडप फुकटात.

लेव्हल नळी तपासणीपुरतीच. ती गाडीत वापरली तर पेट्रोलनं काही दिवसांत कडक होऊन फुटते.

नळ्या आणि क्लिपा

नळीवर ‘एसएई जे३० आर७’ किंवा ‘आर९’ छापलेलं असेल तीच घ्या. सिलिकॉनची रंगीत नळी दिसायला छान, पण पेट्रोलची वाफ तिच्या भिंतीतून झिरपते. स्वयंपाकाच्या गॅसची नारिंगी नळी तर नकोच. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचं सामान २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी केलेलं आहे. त्याआधीच्या गाडीच्या नळ्या दोन बोटांत वाकवून बघा. पृष्ठभागावर बारीक चिरा दिसल्या किंवा रबर चिकट लागलं तर तुटायची वाट बघू नका. क्लिप स्प्रिंगची बरी. स्क्रूची क्लिप जास्त आवळली की व्हॉल्व्हची प्लास्टिकची नळकांडी उभी चिरते, आणि ती चीर क्लिपखाली असल्यामुळं दिसतही नाही.

‘इव्हॅप क्लीनर’ म्हणून टाकीत ओतायच्या बाटल्यांना शून्य गुण. टाकीत ओतलेलं द्रव डब्यात जाऊच नये, अशीच ही सगळी रचना आहे.

दिवा कधी विझतो

दुरुस्ती झाल्यावर स्कॅनरनं कोड पुसता येतो, पण न पुसणं जास्त माहिती देतं. दोष गेला असेल तर तीन सलग चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो आणि कोड साधारण ४० वेळा इंजिन तापून थंड झाल्यावर आठवणीतून जातो. पुसून टाकला तर त्या वेळची नोंद, म्हणजे इंजिनाचं तापमान, वेग, आरपीएम, हेही जातं. म्हणून पुसायचाच असेल तर आधी स्क्रीनशॉट. ‘फेरी’ म्हणजे थंड इंजिन, पूर्ण गरम, थोडं सलग चालवणं. बाजारात दहा ठिकाणी बंद-चालू करत फिरलेला दिवस एक फेरी म्हणूनही मोजला जाईलच असं नाही. बेळगावहून निपाणीपर्यंत हायवेला एकदा जाऊन या, ती नक्की मोजली जाते.

पीयूसीवाल्याकडं या दोषाचा आकडा दिसत नाही. तिथं आयडलवर सायलेन्सरमधला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, टाकीची वाफ नाही. फक्त व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असेल आणि डबा भरलेला असेल तर हे दोन्ही आकडे वाढू शकतात. त्यामुळं पीयूसी नापास झाल्यावर कार्ब्युरेटरच्या काळातल्यासारखं ट्यूनिंग करायला सांगणारा भेटला, तर आधी डबा आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली नळी चिमट्यानं दाबून आकडा परत घ्यायला सांगा.